आयर्लंडमधल्या 'परींच्या गढ्या': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडला फिरायला येणारे, इथे नोकरीला आलेले आणि घरबसल्या उत्सुक असलेले, असे सगळेच वाचक फेअरी फोर्टबद्दल साधारण तेच ते विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साध्या माहितीपासून सुरुवात आहे, अडचणीचे प्रश्न पुढे आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. फेअरी फोर्ट म्हणजे नेमकं काय? दिसतो कसा?

हिरव्या कुरणात मधेच एक गोल, झाडोऱ्याने भरलेला उंचवटा दिसतो. जवळ गेल्यावर कळतं की तो मातीचा बांध आहे. बाहेरून गोल चर खणायचा आणि निघालेली माती आतल्या बाजूला टाकत जायची, असा तो उभा केलेला असतो. बांधावर हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्नची काटेरी झुडपं, ब्लॅकबेरीच्या जाळ्या, बॅजरची बिळं. एका ठिकाणी बांधाला खिंड असते, बहुतेक वेळा पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे. तो जुना दरवाजा. आत शिरलात तर हाती फारसं काही लागत नाही: गवत, अंगाला लागली की आग होणारी नेटलची झाडं आणि गाईंचं शेण. आतली मोकळी जागा साधारण ३० मीटर व्यासाची.

आत परी राहतात या समजुतीमुळे लोक याला 'फेअरी फोर्ट', म्हणजे परींची गढी म्हणतात. पुरातत्त्ववाले 'रिंगफोर्ट' म्हणतात. नावात फोर्ट असला तरी रायगड-सिंहगड डोळ्यांसमोर आणू नका. आपल्याकडच्या गावातल्या मातीच्या गढीच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे, म्हणून या पानावर 'गढी' हाच शब्द वापरला आहे. संपूर्ण आयर्लंड बेटावर अशा सुमारे ४५,००० गढ्या असाव्यात असा अंदाज आहे. मातीच्या गढीला 'रॅथ' किंवा 'लिस' म्हणतात, दगडी असेल तर 'काहर' किंवा 'कॅशेल'. लिस्मोर, लिस्टोल, काहरसिव्हीन ही गावांची नावं त्यातूनच आली. डब्लिनच्या रॅथमाइन्समध्ये भाड्याने राहणाऱ्यांच्या पत्त्यातही एक गढी आहे.

२. मग या बांधल्या कोणी? परींनी, की डेन लोकांनी (म्हणजे डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांनी)?

शेतकऱ्यांनी. बहुतेक गढ्या साधारण इ.स. ५०० ते १००० या काळातल्या आहेत. आत एका कुटुंबाचं घर आणि बांधाच्या आडोशाला रात्री कोंडलेली गुरं. त्या समाजात संपत्ती गाईंमध्ये मोजत आणि एकमेकांची गुरं पळवणं हा जवळजवळ मानाचा उद्योग होता. शिवाय लांडगे होते. एक बांध म्हणजे साधा शेतकरी. दोन-तीन बांध असले तर मालक वजनदार असं समजायचं.

अँट्रिम काउंटीत डिअर पार्क फार्म्स इथे १९८० च्या दशकात उत्खनन झालं. ओलाव्यामुळे तिथली घरं चक्क टिकून राहिली होती: टोपली विणावी तशा विणलेल्या फांद्यांच्या दुहेरी भिंतींची गोल घरं. अशी घरं एरवी कुजून जातात आणि मोकळं वर्तुळ उरतं. पुढच्या पिढ्यांना त्या वर्तुळाचा अर्थ लागेना.

'डेन लोकांचे किल्ले' हे तुम्हाला खेड्यातली म्हातारी माणसं आजही सांगतील. व्हायकिंग हल्ले सुरू झाले ७९५ मध्ये, तोवर कित्येक गढ्या जुन्या झाल्या होत्या. 'डॅनन' नावाच्या पौराणिक लोकांशी (प्रश्न ३) नावाचा घोळ होऊन डेन आले असावेत, असं मानलं जातं.

३. या परी म्हणजे पंखवाल्या, छडीवाल्या छोट्या मुली ना?

अजिबात नाही, आणि हा गैरसमज आधी काढून टाकला तर पुढची उत्तरं समजतील. आयरिश लोककथांमधली ही मंडळी बहुधा माणसाएवढीच असतात. ती शेती करतात, गुरं पाळतात, लग्नं लावतात, दारू पितात, हर्लिंग (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) खेळतात आणि आपसांत लढतात. त्यांच्या बाळंतपणाला माणसांतली सुईण लागते. हर्लिंगच्या सामन्यात दोन्ही बाजूंना मिळून एक तरी जिवंत माणूस हवा असतो, म्हणून रात्री घरी परतणाऱ्या तगड्या पोराला ते उचलून नेतात.

ते कोण, याला तीन उत्तरं मिळतात आणि एकच माणूस तिन्ही सांगतो. पहिलं पौराणिक: तूहा डे डॅनन हे आयर्लंडचे आधीचे स्वामी, नव्याने आलेल्यांकडून हरले आणि टेकड्यांच्या पोटात राहायला गेले. दुसरं ख्रिस्ती: स्वर्गातल्या बंडात कुठलीच बाजू न घेतलेले देवदूत. नरकात टाकण्याइतके वाईट नव्हते, स्वर्गात ठेवण्याइतके चांगले नव्हते, म्हणून पृथ्वीवर पडले. तिसरं उत्तर सगळ्यांत जिवाला लागणारं: त्यांच्यात आपलेच लोक दिसतात, अकाली गेलेली शेजारीण, गेल्या वर्षी वारलेला मुलगा.

त्यांचं नाव सहसा घेत नाहीत. 'भली माणसं', 'सभ्य लोक' किंवा नुसतंच 'ते' म्हणतात. प्रेमाने नव्हे, ऐकलं तर राग येऊ नये म्हणून.

४. गढीला हात लावला तर काय होतं म्हणतात?

फांदी तोडली तर हात लुळा पडतो, तोंड वाकडं होतं. बांध नांगरला तर गोठ्यातली गाय मरते, दूध आटतं. दगड नेऊन घराला लावले तर त्या घरात झोप लागत नाही, शेवटी दगड परत नेऊन ठेवावे लागतात. मजुरांनी कामाला साफ नकार दिल्याच्या हकिकती तर जवळजवळ प्रत्येक तालुक्यात मिळतात.

यातली एक कथा गावोगाव सापडते. शेतकरी कुदळ घेऊन गढी सपाट करायला जातो. पहिले काही घाव घातल्यावर मान वर करतो तर त्याचं घर पेटलेलं. धावत जातो, तर घर जागच्या जागी, बायको चुलीपाशी काम करते आहे. परत येतो, कुदळ उचलतो, पुन्हा ज्वाळा. काही ठिकाणी तो तिथेच शहाणा होतो. काही ठिकाणी तिसऱ्यांदा दिसलेल्या आगीकडे दुर्लक्ष करतो, आणि ती आग खरी निघते.

गढीला हात न लावण्याएवढेच रोजच्या व्यवहाराचेही नियम होते. रात्री पाय धुतलेलं पाणी बाहेर फेकताना आधी हाक द्यायची, त्यांच्यातलं कोणी दारातून जात असलं तर भिजू नये म्हणून. व्यायलेल्या गाईच्या पहिल्या दुधाचे चार थेंब त्यांच्यासाठी सांडायचे. दोन गढ्यांमधल्या सरळ वाटेवर घर बांधायचं नाही. चुकून बांधलंच तर आडवा येणारा कोपरा पाडायचा.

५. तिथे रात्री संगीत ऐकू येतं ही काय भानगड आहे?

गढीतून येणारं संगीत ऐकून कुणी तरी धून शिकला, ही कथा आयरिश वादकांमध्ये लाडकी आहे. पण माझी आवडती कथा टिपररी काउंटीतल्या नॉकग्राफ्टनची. लस्मोर नावाचा कुबडा, टोपल्या विणून पोट भरणारा. रात्री थकून उंचवट्याला टेकून बसतो. आतून गाणं येत असतं: 'सोमवार, मंगळवार, सोमवार, मंगळवार', तेच ते. लस्मोरला चाल आवडते, पण एकसुरीपणा खटकतो. ते श्वास घ्यायला थांबतात तेव्हा तो नेमक्या सुरात जोडतो, 'आणि बुधवार'. आतले खूष. त्याला आत नेतात, कुबड काढून टाकतात, नवे कपडे चढवतात.

बातमी ऐकून दुसरा एक कुबडा येतो. त्याला धीर नाही. ना ताल बघतो, ना जागा. मध्येच ओरडून आणखी वार ठोकून देतो. गाण्याचा विचका केल्याबद्दल ते लस्मोरचं काढून ठेवलेलं कुबडही त्याच्याच पाठीवर बसवतात. परींच्या दरबारात बेसूर माणसाला माफी नाही. (खरं तर नॉकग्राफ्टनचा उंचवटा नॉर्मन लोकांनी उभारलेल्या किल्ल्याचा आहे. लोककथेला तेवढा काटेकोरपणा लागत नाही. गोल आणि उंच असलं की पुरे.)

६. गढीजवळ चकवा लागतो का?

लागतो म्हणतात, आणि तोही अगदी आपल्या चकव्यासारखा. ओळखीच्या शेतातून माणूस घरी निघतो आणि कुंपणाचं फाटकच सापडत नाही. रात्रभर त्याच शेतात फेऱ्या. याचं कारण गवताचा एक विशिष्ट तुकडा, त्यावर पाय पडला की वाट हरवते. उपाय सोपा: कोट काढून उलटा घालायचा.

दुसरा प्रकार 'भुकेलं गवत'. त्यावर पाय पडला की अचानक जीव जाईल अशी भूक लागते, गुडघे टेकतात. म्हणून डोंगरात जाताना खिशात ओटच्या भाकरीचा तुकडा ठेवायचा. काही भागात सांगतात की १८४० च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळात जिथे माणूस उपाशी मेला, तिथे हे गवत उगवतं. आयर्लंडच्या भूतांच्या गोष्टी ऐकताना तो दुष्काळ कुठून ना कुठून वर येतोच.

७. गढीखाली भुयार असतं, हे खरं की गोष्ट?

खरं. बऱ्याच गढ्यांखाली दगडांनी बांधलेलं भुयार असतं. मध्येच मुद्दाम इतकं अरुंद केलेलं असतं की सरपटतच पुढे जावं लागतं. उपयोग दोन: लोणी-धान्य गार राहावं आणि हल्ला झाला तर बायकामुलांना लपता यावं. नांगर खाली फसला, गाय अचानक जमिनीत गेली, फटीतून गार वारा आला, तर खाली कुणी तरी राहतं असं वाटणं साहजिक आहे.

रॉसकॉमन काउंटीतल्या रॅथक्रोहन इथली 'मांजरांची गुहा' पाहाच. तोंडाशी बांधलेलं भुयार, पुढे नैसर्गिक फट, आणि छताच्या दगडावर ओगम या जुन्या आयरिश लिपीतला लेख. सावेनच्या रात्री, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, पलीकडच्या जगातली भुतावळ इथून बाहेर पडते असं जुन्या कथा सांगतात. स्थानिक वाटाड्या घेऊन जा, आत पक्का चिखल असतो. इतर गढ्यांच्या भुयारांत मात्र उतरू नका, छताचा भरवसा नसतो.

८. शेताच्या मध्ये एकटं काटेरी झाड असतं, तीही गढीच का?

नाही, पण नियम तोच. एकट्या उभ्या हॉथॉर्नला हात लावायचा नाही, त्याची पांढरी फुलं घरात आणायची नाहीत. सगळ्यांत गाजलेलं झाड क्लेअर काउंटीत लाटून इथलं. १९९९ मध्ये नवा रस्ता त्यावरून जाणार होता. एडी लेनिहन हे तिथले कथाकार आणि लोककथांचे संग्राहक. त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून सांगितलं, की मन्स्टर प्रांतातल्या परी शेजारच्या कॉनॉट प्रांतातल्या परींशी लढायला जाताना इथे जमतात, झाड तोडलं तर त्या रस्त्यावर अपघात होतील. जगभर बातमी झाली आणि झाड राखून रस्ता बांधला गेला. २००२ मध्ये कुणी तरी त्याच्या फांद्या करवतीने कापल्या. झाडाला पुन्हा फूट आली.

एक गल्लत टाळा. रंगीत चिंध्या बांधलेलं झाड दिसलं तर ते बहुधा एखाद्या संताच्या पवित्र विहिरीजवळचं असतं. तिथे आजार जावा म्हणून चिंधी बांधतात. परींच्या झाडाला काही बांधायची रीत नाही. पर्यटकांनी ती आणली आहे, तीही नायलॉनच्या रिबिनींसकट. फांद्या आवळून मरतात. कृपा करून बांधू नका.

९. गढीत लहान बाळं पुरलेली असतात असं ऐकलं. खरं आहे?

हो, बऱ्याच ठिकाणी. बाप्तिस्मा होण्याआधी दगावलेलं बाळ चर्चच्या पवित्र भूमीत पुरायला परवानगी नसे. मग बाप किंवा काका रात्री बाळाला घेऊन जाई आणि जुन्या गढीत, गावच्या सीमेवर किंवा समुद्रकाठी पुरून येई. वर खूण म्हणून एखादा साधा दगड, नाव नाही. या जागांना 'किलीन' म्हणतात आणि ही प्रथा विसाव्या शतकातही बराच काळ चालू होती. अलीकडे काही ठिकाणी तिथे प्रार्थना करून स्मारकशिळा बसवल्या गेल्या आहेत.

'तिकडे फिरकू नकोस' असं आजी नातवाला का सांगत असेल, याची कारणं मग एकापेक्षा जास्त असतात. गवतात छोटे उभे दगड ओळीने दिसले तर त्यावर बसू नका.

१०. ब्रिजिट क्लिअरीची गोष्ट खरी आहे का?

दुर्दैवाने पूर्ण खरी, आणि या विषयावरच्या गोड गोड लेखांमधून ती गाळली जाते. ब्रिजिट टिपररी काउंटीतल्या बॅलीवॅडली इथली, वयाच्या विशीतली शिवणकाम करणारी बाई. स्वतःचं शिवणयंत्र, कोंबड्यांचे स्वतःचे पैसे. मार्च १८९५ मध्ये ती आजारी पडली. नवरा मायकेल म्हणू लागला की ही माझी बायको नाही. तिला परींनी नेलं आणि तिच्या जागी दुसरंच काही ठेवलं. अशा 'बदली' माणसाच्या कथा सगळीकडे होत्या. अचानक आजारलेल्या मुलांना अशाच समजुतीने छळलं जाई. नातेवाइकांच्या देखत तिला धरून कडू औषधी पाजली, विस्तवाजवळ नेलं, 'तू खरी ब्रिजिट आहेस का' असं पुन्हा पुन्हा विचारलं. १५ मार्चच्या रात्री नवऱ्याने तिला जाळलं. त्यानंतर तो जवळच्या कायलनाग्रॅना गढीवर रात्री वाट बघत बसला, खरी बायको पांढऱ्या घोड्यावरून बाहेर येईल म्हणून. आठवड्याभरात पोलिसांना मृतदेह सापडला. मायकेलला सदोष मनुष्यवधाबद्दल २० वर्षांची शिक्षा झाली, १५ वर्षांनी तो सुटला.

परींवरच्या विश्वासाने तिला मारलं, की पैसे कमावणारी, कुणाला न जुमानणारी बायको नवऱ्याला खुपत होती आणि विश्वासाने त्याला निमित्त पुरवलं? मला दुसरं जास्त पटतं. त्या वेळच्या इंग्रजी वर्तमानपत्रांना तिसरंच दिसलं: असले लोक स्वराज्याला लायक नाहीत. हा युक्तिवाद आपल्यालाही नवा नाही.

११. आजच्या काळात कुणी खरंच मानतं का?

'तुम्ही परी मानता का?' असं विचारलं तर बहुतेक जण हसून नाही म्हणतील. 'मग ती गढी जेसीबी लावून सपाट करा ना' म्हटलं की विषय बदलतील. इथे काय मानतात ते विचारून कळत नाही, काय करत नाहीत ते बघावं लागतं.

उघडपणे बोलणारेही आहेत. केरीचे खासदार डॅनी हीली-रे यांनी २०१७ मध्ये एका हमरस्त्यावर पुन्हा पुन्हा पडणाऱ्या खड्ड्याचा संबंध परिसरातल्या गढ्यांशी जोडला. आपण उपाशी मरू, पण गढीवर बुलडोझर घालणार नाही, असंही सांगितलं. डब्लिनमध्ये त्यांची टिंगल झाली. पण इतक्या गढ्या हजार-दीड हजार वर्षं उभ्या राहिल्या त्या कायद्यामुळे नव्हे, असल्याच भीतीमुळे, हे पुरातत्त्ववालेही कबूल करतात. जमीन सपाट करणारी मोठी यंत्रं विसाव्या शतकात आली आणि त्याच सुमारास भीती ओसरली. गढ्या सर्वांत जास्त तेव्हाच गेल्या.

१२. या सगळ्या गोष्टी लिहून कुणी ठेवल्या?

बऱ्याचशा शाळकरी मुलांनी. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात एक योजना राबवली. २६ काउंट्यांमधल्या सुमारे ५,००० प्राथमिक शाळांमधल्या साधारण ५०,००० मुलांनी घरी जाऊन आजीआजोबांना, शेजाऱ्यांना विचारलं आणि वहीत उतरवून आणलं. 'फेअरी फोर्ट' हा त्यातला ठरलेला विषय होता. हा संग्रह 'डूकस' या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो, गावाच्या नावाने शोधता येतो. मुलांचं हस्ताक्षर, शाईचे डाग, खाली सांगणाऱ्याचं नाव आणि वय. तुम्ही राहता त्या गावाचं पान आधी उघडा.

१३. हे आपल्या देवराईसारखंच झालं ना?

परिणाम सारखा, व्यवहार वेगळा. देवराईत देव असतो, त्याची पूजा होते, कौल लावतात, जत्रा भरते. राई गावाची असते आणि गाव ती सांभाळतं. गढीत पूजा नाही, पुजारी नाही, नवस नाही. ती एका शेतकऱ्याच्या खासगी जमिनीत असते आणि तिथल्यांशी नातं 'तुम्ही तुमच्या जागी, आम्ही आमच्या' एवढंच. फांदी तोडायची नाही, इथे मात्र दोन्हीकडचे म्हातारे एकाच आवाजात बोलतात.

१४. लेप्रेकॉन इथेच राहतो का? आणि बागेतल्या झाडांना लावलेले छोटे रंगीत दरवाजे?

लेप्रेकॉन हा एकटा राहणारा चांभार. गढीतल्या मंडळींच्या गोतावळ्यात तो बसत नाही. छोटे दरवाजे ही अलीकडची हौस आहे. मुलांना आवडतात, लावू द्या.

१५. एखादी गढी पाहायची तर कुठे जावं?

दगडी हव्या असतील तर केरीत काहरसिव्हीनजवळची काहरगल आणि रिंग ऑफ केरीवरची स्टेग. डोनेगलमधली ग्रिनान ऑफ आयलाख टेकडीच्या माथ्यावर आहे, वारा सोसायची तयारी ठेवा. क्लेअर काउंटीच्या बरेन भागातल्या काहरकॉनेलला माहिती देणारी माणसं असतात. नांदती गढी कशी दिसत असेल हे बघायचं तर वेक्सफर्डच्या आयरिश नॅशनल हेरिटेज पार्कमध्ये नव्याने उभारलेली आहे.

साधी, मातीची, गाईंनी तुडवलेली गढी मात्र तुमच्या घरापासून फार लांब नसणार. सरकारचा 'हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट व्ह्यूअर' हा नकाशा उघडा आणि जवळचे ठिपके बघा.

१६. सरळ आत गेलं तर चालतं का?

परींचं राहू द्या, शेतकऱ्याला विचारा. आयर्लंडमध्ये दुसऱ्याच्या शेतातून फिरण्याचा सरसकट हक्क नाही. घर गाठून विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात, आणि सोबत एखादी गोष्टही सांगतात. फाटक जसं होतं तसंच लावा, कुत्रा नेऊ नका, वासरं असलेल्या गाईंपासून लांब राहा. मेटल डिटेक्टर घेऊन जुन्या वस्तू शोधणं परवानगीशिवाय बेकायदा आहे. भुयारांबद्दल प्रश्न ७, छोट्या दगडांबद्दल प्रश्न ९ पाहा.

१७. आम्ही खेड्यात जागा घेतोय आणि तिच्यात गढी आहे. काय करावं?

व्यवहाराआधी वकिलाकडून दोन गोष्टी तपासून घ्या: गढी सरकारी नोंदीत आहे का, आणि तिच्याभोवतीचा संरक्षित पट्टा तुमच्या नियोजित बांधकामाला कुठे अडतो. नोंद असलेल्या जागेवर किंवा तिच्याजवळ काम करायचं तर १९९४ च्या कायद्यानुसार दोन महिने आधी लेखी सूचना द्यावी लागते. २०२३ मध्ये नवा कायदा झाला आहे आणि त्याची कलमं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, म्हणून सध्याची स्थिती नॅशनल मॉन्युमेंट्स सर्व्हिसलाच विचारा. उत्तर आयर्लंडमध्ये कायदा आणि खातं दोन्ही वेगळं. २०१२ मध्ये केरीत गढी उद्ध्वस्त केल्याबद्दल एका जमीनमालकाला २५,००० युरो दंड झाला होता.

झाडोरा वाढू द्यावा की काढावा, हाही प्रश्न येतो. मोठ्या झाडांची मुळं बांध फोडतात, पण ती उपटली तर नुकसान त्याहून जास्त होतं. त्यामुळे बांधावरची झाडं स्वतः होऊन काढू नका, त्याच खात्याला विचारा. थोडी गुरं चरली तर गवत आटोक्यात राहतं; फक्त चाऱ्याचं गव्हाण आणि पाण्याचं टाकं गढीत ठेवू नका, तिथे गर्दी करून गुरं जमीन उकरतात. आणि गावातला मजूर कुंपणाचा खांब तिथे ठोकायला नाही म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका. खांब चार हात अलीकडे घ्या.